वागळे इस्टेटमधला तासाने मिळणारा स्टुडिओ: कॅमेऱ्यासाठी साडेचार तारे, मुलांसाठी दोन

मुलांचा व्हिडिओ शूट करायला ठाण्यात जागा शोधत असाल, तर पांढरी भिंत, दिवे आणि तासाचं भाडं एवढंच बघून बुकिंग करू नका. हात धुवायचं बेसिन किती उंचीवर आहे ते बघा. एसी बंद केल्यावर दहा मिनिटांनी आत काय होतं ते बघा. आणि शेजारच्या गाळ्यात काय चालतं ते रविवारी नाही, कामाच्या दिवशी जाऊन ऐका. हे मी पैसे भरणाऱ्याच्या बाजूने लिहीत नाहीये. मी तिथे चंद्र होते.

मी नाट्यशास्त्राची विद्यार्थिनी, राहायला कळव्यात. एकांकिका स्पर्धांच्या मोसमात आम्हाला जेवायला वेळ नसतो, पण मधल्या कोरड्या महिन्यांत असं एखादं काम आलं तर कुणी सोडत नाही. काम होतं तिसरी-चौथीच्या मुलांसाठी चंद्राच्या कला समजावणारा व्हिडिओ. मी चंद्र, बरोबर सहा मुलं, एका दिवसाचं शूट. स्टुडिओचं नाव मुद्दाम लिहीत नाही, व्हिडिओ बनवणाऱ्या कंपनीचंही नाही. यातल्या निम्म्या तक्रारी त्या भागातल्या कुठल्याही गाळ्याला लागू पडतील, आणि उरलेल्या निम्म्या लिहूनही मला अजून याच धंद्यात कामं मिळवायची आहेत.

वागळे इस्टेट हा एमआयडीसीचा पहिला औद्योगिक परिसर. कारखाने बरेचसे गेले, काचेच्या इमारती आल्या, पण जुने उंच छपरांचे गाळे मधूनमधून टिकून आहेत आणि त्यांतल्या काहींत आता स्टुडिओ आहेत. उंच छप्पर म्हणजे दिवे वरून टांगता येतात, कॅमेरा मागे घ्यायला जागा मिळते. रिक्षावाल्याला स्टुडिओ सांगून काही कळत नाही, 'पासपोर्ट ऑफिसच्या अलीकडे' म्हटलं की बरोबर सोडतो. गाळा दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट मालाची, जाळीच्या दाराची, दार दोन हातांनी ओढून लावावं लागतं. मुलांना दिवसभरात सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर ती लिफ्ट. पालकांना अर्थातच नाही.

आधी चांगलं सांगते. मागची पांढरी भिंत खरोखर छान राखली आहे. जमीन आणि भिंत जिथे मिळतात तिथे कोपरा नसून गोलाई आहे, त्यामुळे कॅमेऱ्यात नुसतं पांढरं दिसतं, खोली कुठे संपते ते कळत नाही. दिवे नवे, वायरी जागच्या जागी टेप लावून बसवलेल्या, मेकअपच्या खोलीत आरशाभोवतीचे सगळे बल्ब चालू (हे वाचून ज्यांनी कधी शूट केलेलं नाही त्यांना हसू येईल, ज्यांनी केलंय त्यांना नाही). स्टुडिओ सांभाळणारे दादा मदतीला तत्पर. एक्स्टेन्शन मागितलं की दोन मिनिटांत हजर. मोठ्या माणसांची मुलाखत, साड्यांचं कॅटलॉग, रेसिपी वगैरे करायची असेल तर डोळे मिटून घ्या ही जागा.

मुलांचं मात्र वेगळं आहे. ती गोलाई. मोठ्या माणसाला तिथे भिंत दिसते, सहा मुलांना घसरगुंडी दिसली. मोजे घालून पळत जायचं, दोन पावलं वर चढायचं, सुर्रकन खाली. पहिल्या मिनिटात शोध लागला, दुसऱ्या मिनिटात रांग लागली. दादा धावत आले, कारण रंगावर डाग पडला तर पुन्हा रंगवायचे पैसे डिपॉझिटमधून कापतात. त्यानंतर बराच वेळ कुणी ना कुणी ओरडत होतं, "भिंतीला पाय लावू नका." आता ज्या मुलांना सकाळपासून दटावलंय, ती कॅमेऱ्यासमोर मोकळी कशी होणार? होतच नाहीत. बाजूला दोन मॅट टाकल्या असत्या, एक चेंडू ठेवला असता, तरी भागलं असतं. मुलांनी बसायचं कुठे याची सोयच नव्हती. मेकअपच्या खोलीत दोन खुर्च्या आणि बाहेर पॅसेज.

बेसिन माझ्या कंबरेच्या बरंच वर. टॉयलेट मजल्यावरच्या सगळ्या गाळ्यांचं मिळून एक, पॅसेजच्या टोकाला. मुलांना नेण्या-आणण्यात दर वेळी एक मोठं माणूस अडकायचं. शेवटी स्पॉटदादांनी रंगाची बादली उपडी ठेवून पायरी केली, आणि माझ्या मते त्या दिवसातला सगळ्यात हुशार निर्णय तोच होता.

आवाजाबद्दल. शेजारच्या गाळ्यात पुठ्ठ्याचे खोके कापायचं पंचिंग मशीन आहे. धप्प. मग काही सेकंद शांतता. मग धप्प. कानाला त्याची सवय होते, छातीवर लावलेल्या लेपल माइकला होत नाही. आमचे साउंडवाले बिचारे वाक्यं दोन धप्पांच्या मधे बसवायला लागले. लांब वाक्य असलं की मी श्वास घेऊन वाट बघायची, धप्प झालं की सुटायचं. रंगमंचावर टाळ्या ओसरायची वाट बघायला शिकवतात, मशीन ओसरायची शिकवत नाहीत. मुलांनी त्याचा खेळ केला: धप्प झालं की सगळ्यांनी पुतळा. खेळ इतका छान होता की दिग्दर्शकाने तो व्हिडिओत घ्यायला हवा होता असं मला अजून वाटतं. शेजारच्यांची जेवणाची सुट्टी झाली तेव्हाच काय ती खरी शांतता मिळाली, आणि मुलांची महत्त्वाची वाक्यं आम्ही त्यात उरकली. म्हणजे मुलं मात्र उपाशी.

एसीचंही तेच. चालू ठेवला तर त्याचा घूं माइकमध्ये येतो, म्हणून 'रोल साउंड' म्हटलं की बंद. वर दिवे, आत तेरा-चौदा माणसं, खिडकी एकही उघडत नाही. माझा पोशाख म्हणजे पांढरा सॅटिनचा झगा आणि चेहऱ्याभोवती चंदेरी कागद लावलेली थर्माकोलची थाळी. मान वळवायची सोय नाही, घाम पुसायची तर अजिबात नाही. दर दोन टेकनंतर मेकअपदादा टिश्यूने माझं कपाळ टिपत होते. मुलांचं कोण टिपणार?

पण खरी गडबड जागेची नव्हती, वेळापत्रकाची होती, आणि ती स्टुडिओच्या नाही, कंपनीच्या माथी. मुलांचा कॉल टाइम नऊ, युनिटचाही नऊ. पहिला शॉट लागला सव्वाअकराच्या पुढे. मधल्या वेळात दिवे लावणं चाललं होतं, आणि मुलं तयार होऊन, पावडर लावून, इस्त्रीचे शर्ट चुरगळू नयेत म्हणून उभी. नऊ वर्षांच्या मुलाचा उत्साह दोन तास टिकत नाही हो. त्याला काय करायचं ते सांगून ठेवलं आणि मग थांबवलं, की तो मनातल्या मनात पन्नास वेळा करून बसतो आणि कॅमेरा चालू होईपर्यंत त्याला कंटाळा आलेला असतो. युनिटला नऊला बोलवा, मुलांना अकराला. दिव्यांच्या जागा ठरवायला मुलांच्या उंचीचं काही उभं करा, झाडू चालेल.

सहांतली दोन मुलं शूटला मुलं पुरवणाऱ्या कोऑर्डिनेटरकडून आलेली, जाहिरातीत कामं केलेली. बाकी चार जवळपासच्या वस्तीतली, कॅमेरा पहिल्यांदा बघणारी. जाहिरातवाल्या मुलीला मार्कवर, म्हणजे जमिनीवर आखलेल्या खुणेवर, पाय न बघता थांबता येत होतं. एका शॉटनंतर तिने कॅमेरामनला विचारलं, "दादा, माझा क्लोज लागला का?" (क्लोज म्हणजे जवळून घेतलेला चेहऱ्याचा शॉट.) वय वर्षं आठ. मी दोन वर्षं शिकतेय आणि मला असं विचारायची हिंमत नाही झालेली. पण तिचं हसू प्रत्येक टेकला तेवढंच, तिथूनच सुरू, तिथेच बंद. बाकीच्या चौघांचं काही ठरलेलं नसायचं. कुणी नाक खाजवायचं, कुणी माझ्या थाळीकडे बघत वाक्य विसरायचं, आणि बघण्यासारखं जे काही झालं ते या चौघांकडून झालं.

पहिला आक्षेप माझ्यावरच आला. दोन वेण्यांवाल्या मुलीने मला वरपासून खालपर्यंत बघून जाहीर केलं, "चांदोमामा तर मामा असतो. ही ताई आहे." यावर सहांची बैठक बसली. मामाची बहीण म्हणजे कोण, यावर मावशीपासून आईपर्यंत सगळं झालं, आणि ठराव झाला की आज मामा सुट्टीवर आहे, बदली चंद्र आलाय. पुढे दिवसभर मी 'बदली चंद्र'. दिग्दर्शकही माझं नाव विसरून "बदली चंद्र, मार्कवर या" म्हणायला लागले.

दुसरा आक्षेप आवाजावर. दिग्दर्शकांना माझ्याकडून तो 'मुलांशी बोलायचा' आवाज हवा होता. तुम्हाला माहीत आहे तो: शेवटचा शब्द वर चढवायचा, प्रत्येक वाक्याला 'बरं का' लावायचं, डोळे मोठे. मी म्हटलं, करून बघू. किसननगरहून आलेला मुलगा, पुढचा दात पडलेला, मधेच म्हणाला, "ताई, तू मघाशी तर नीट बोलत होतीस." सेटवर हशा पिकला. पुढचा टेक मी साध्या आवाजात दिला आणि तोच ठेवला गेला. बालनाट्याची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. सुधा करमरकर, रत्नाकर मतकरी, सुलभा देशपांडे यांनी मुलांसाठी आणि मुलांबरोबर आयुष्यभर काम केलं, आणि मतकरींनी तर आमच्या ठाण्यातच वस्तीतल्या मुलांना घेऊन 'वंचितांचा रंगमंच' उभा केला. त्या मंडळींबद्दल आमचे शिक्षक जे सांगतात त्यात लाडिक आवाज कुठेच येत नाही. तो कुठून आला आणि प्रत्येक शैक्षणिक व्हिडिओत कसा शिरला, देव जाणे.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसले. प्रयोग साधा आहे, घरी करता येतो. अंधारात मधोमध एक उघडा बल्ब, तो सूर्य. पेन्सिलीला खोचलेला थर्माकोलचा चेंडू, तो चंद्र. तुमचं डोकं, ती पृथ्वी. चेंडू हात लांब करून समोर धरायचा. बल्बकडे तोंड केलं की चेंडूची उजळलेली बाजू पलीकडे जाते, आपल्याला काळा दिसतो: अमावास्या. हळूहळू डावीकडे वळत जायचं. चेंडूची उजवी कड उजळते, कोर दिसते. पाव वळण झालं की उजवा अर्धा भाग उजेडात: शुद्ध अष्टमी. बल्बकडे पाठ करून चेंडू डोक्यापेक्षा जरा वर धरला की पूर्ण गोल: पौर्णिमा. तसंच वळत राहिलं की डावा अर्धा, मग उलटी कोर, आणि परत अमावास्या. खऱ्या चंद्राला अमावास्येपासून अमावास्येपर्यंत साधारण साडेएकोणतीस दिवस लागतात.

माझ्या संहितेत मात्र वाक्य होतं: "पृथ्वीची सावली माझ्यावर पडते, म्हणून मी कधी कोर दिसतो, कधी अर्धा." मी आदल्या रात्री फोन करून विचारलं होतं, हे असं नाही ना? उत्तर आलं, "क्लायंटने अप्रूव्ह केलंय." विषय संपला. चंद्राला कोण विचारतो!

किसननगरचा मुलगा अष्टमीच्या जागेवर चेंडू धरून उभा. मी ते वाक्य घेतलं. त्याने चेंडूकडे बघितलं, मग डावीकडच्या काळ्या पडद्याकडे, मग परत चेंडूकडे. आणि म्हणाला, "पण माझी सावली तर तिकडे पडलीय. चेंडूवर नाहीच." खरंच, त्याच्या डोक्याची मोठी थोरली सावली बाजूच्या पडद्यावर होती, आणि चेंडू तरीही अर्धा काळा. मग कुणी न सांगता तो वळत वळत बल्बकडे पाठ होईपर्यंत गेला, चेंडू खाली आणला, आणि त्याच्या डोक्याची सावली चेंडूवर आली. "आत्ता पडली."

मी म्हटलं, "हे झालं ग्रहण."

लगेच दोन वेण्यांकडून प्रश्न: "मग दर पौर्णिमेला ग्रहण का नाही?"

मी त्याला चेंडू पुन्हा वर धरायला सांगितला. सावली चेंडूखालून निघून गेली. चंद्राचा रस्ता आपल्या पृथ्वीच्या रस्त्याच्या मानाने पाचेक अंश कलता आहे, म्हणून बहुतेक पौर्णिमांना तो सावलीच्या वरून नाहीतर खालून निसटतो. हे मी सांगायच्या आधीच मुलांना दिसलं होतं.

सेटवर दोन क्षण कुणी बोललं नाही. मग एका मुलाबरोबर आलेल्या आजी खुर्चीतून उठल्या. त्या शहापूरकडच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. म्हणाल्या, "अहो साहेब, पोरगं बरोबर बोलतंय. तुमचा कागद चुकलाय."

इथे दिग्दर्शकांना पूर्ण गुण. त्यांनी 'कट' म्हटलं, बाहेर जाऊन क्लायंटला फोन लावला, बराच वेळ पॅसेजमधून "नाही सर, नाही सर, ऐका ना" ऐकू येत होतं, आणि परत आले ते नवीन वाक्य घेऊन: चंद्राचा अर्धा भाग नेहमीच उजेडात असतो, त्यातला किती आपल्याकडे वळलेला आहे ते रोज बदलतं. आजींनी वाचून होकार दिला. एका फुकटच्या तज्ज्ञाने तो व्हिडिओ वाचवला असं मी म्हणेन, आणि आजींना त्याबद्दल चहाचा दुसरा कप मिळाला.

पण जखम पुढे आहे. हे सगळं घडत होतं तेव्हा कॅमेरा होता माझ्या क्लोजवर. म्हणजे मुलाचं ते चेंडूकडे बघणं, पडद्याकडे बघणं, वळत जाणं, यातली एक फ्रेमसुद्धा नाही. रेकॉर्ड झालाय तो माझा थाळीतला चेहरा, तोंड उघडं. मग त्याला सांगितलं, "बाळा, मघासारखं कर." त्याने केलं. पण आता त्याला उत्तर माहीत होतं. पडद्याकडे बघायच्या आधीच बोट तिकडे जात होतं. अजून एकदा. अजून एकदा. शेवटी तो इतक्या कंटाळलेल्या आवाजात "माझी सावली तर तिकडे पडलीय" म्हणाला, की कुणी घरचा पत्ता सांगावा. व्हिडिओत तोच टेक गेलाय. बघणाऱ्याला वाटेल, मुलाला पढवलंय. मी तिथे उभी राहून बघितलंय, कुणी पढवलं नव्हतं.

तेव्हा माझी एकमेव कळकळीची विनंती: मुलांबरोबर शूट करणार असाल तर एक कॅमेरा कायम मुलांवर ठेवा. मोठ्या नटाचा क्लोज नंतर घेता येतो, आम्ही सतरा वेळा तेच तसंच करू शकतो, आम्हाला त्याचेच पैसे मिळतात. मुलाला एखादी गोष्ट एकदाच कळते.

हे दिग्दर्शकांनाही उमगलं असावं, कारण त्यानंतर त्यांनी स्वतःचा मोबाइल ट्रायपॉडवर लावून मुलांकडे रोखून ठेवला. लगेच फळ मिळालं. माझं पुढचं वाक्य होतं, "सूर्य मावळला की मी उगवतो." दोन वेण्यांवाली ताडकन म्हणाली, "खोटं. आमच्याकडे संकष्टीला आई कालनिर्णय बघून बसते, तरी चंद्र नऊ वाजेपर्यंत येत नाही. मग आई चिडते." सगळ्या युनिटला आपापली आई आठवली. आणि मुद्दा अगदी बरोबर: सूर्य मावळताना उगवतो तो पौर्णिमेचा चंद्र. त्यानंतर रोज सरासरी पन्नास मिनिटं उशीर होत जातो, म्हणून वद्य चतुर्थीला मोदक थांबतात. दुसऱ्या मुलाने शाळेच्या मधल्या सुट्टीनंतर दुपारी चंद्र बघितल्याचं सांगितलं. बाकीच्यांनी त्याला वेड्यात काढलं. तोही खराच होता, शुद्ध अष्टमीच्या सुमारास चंद्र दुपारीच उगवतो. हा सगळा भाग मोबाइलवर आहे, थोडा हलतोय, मागे एकदा धप्पही आहे, आणि आख्ख्या व्हिडिओत बघण्यासारखा तुकडा तोच आहे.

अंधाराबद्दल तंत्राचं एक सांगते, कारण पांढऱ्या भिंतीचा स्टुडिओ या प्रयोगाला मुळात चुकीचा. बल्बचा उजेड चारी बाजूंच्या पांढऱ्यावर आपटून परत येतो आणि चेंडूची काळी बाजू काळी राहतच नाही, राखाडी होते. मुलांना डोळ्यांनी फरक कळत होता, मॉनिटरवर काही कळेना. शेवटी काळे पडदे घ्यावे लागले, त्याचं भाडं वेगळं, आणि ते बहुतेक मागच्या पावसाळ्यानंतर पहिल्यांदाच उघडले असावेत, दोन मुलं शिंकायला लागली. त्यात आणलेला बल्ब स्वस्तातला एलईडी, कॅमेऱ्यात पट्टे धावायला लागले. लाइटदादांनी कॅमेरामनला शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर आणायला सांगितलं, आपली वीज पन्नास हर्ट्झची म्हणून, आणि पट्टे गेले. असा माणूस युनिटमध्ये असेल तर अर्धी चिंता मिटते.

कागदपत्रांबद्दल पालकांनी आवर्जून वाचावं. बालकामगार कायद्याच्या 2017 साली सुधारलेल्या नियमांत मुलांच्या चित्रीकरणाबद्दल स्पष्ट लिहिलंय. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मुलाला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. पाच मुलांमागे किमान एक जबाबदार व्यक्ती नेमायची. मुलाच्या मिळकतीतले किमान 20 टक्के थेट राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत जायला हवेत. कंपनीकडे परवानगीचा कागद होता, मागितल्यावर फाइल उघडून दाखवला, हे त्यांच्या बाजूने लिहायलाच हवं. पण मुलं सहा, म्हणजे जबाबदार व्यक्ती दोन. दुसरीच्या रकान्यात मला न विचारता माझं नाव! जी बाई थर्माकोलच्या थाळीत अडकलीय आणि जिला बाजूला बघता येत नाही, ती मुलांवर लक्ष ठेवणार? मी ते खोडायला लावलं, आणि मग प्रॉडक्शनमधली एक मुलगी उरलेला वेळ मुलांसोबत बसली. ती बसल्यावर फरक दिसला: गोष्टी सांगायला लागली, पाणी द्यायला लागली, घसरगुंडी बंद झाली. हे नऊ वाजताच व्हायला हवं होतं. पालकांनो, सही करण्याआधी तो रकाना बघा आणि त्या व्यक्तीला भेटून घ्या.

पाच तासांच्या हिशोबात कंपनीने थांबण्याचा वेळ धरला नव्हता. आजींनी धरला होता. दुपारी दोनच्या ठोक्याला त्या पिशवी उचलून उभ्या राहिल्या आणि त्यांच्या मागोमाग बाकीचे पालकही. दोन शॉट राहिले. ते मी मुलांशिवाय, हवेत बघून केले.

खाणं ठीक. सकाळी पोहे, दुपारी पुरी-भाजी, मुलांनी पुऱ्या खाल्ल्या आणि भाजी तशीच. मधे कुणीतरी लाडाने चॉकलेटं वाटली, त्यानंतरचा अर्धा तास शूट झालं नाही. पार्किंग नाही. पाणी थंड होतं.

स्टुडिओचं भाडं तासाचं, आणि घड्याळ तुमची पहिली पेटी आत आल्यापासून सुरू होतं, पहिल्या शॉटपासून नाही. उशीर झाला तर पुढचा पूर्ण तास धरतात. मुलांचं काम असेल तर बुकिंगच्या वेळी हे विचारा: मॅट टाकू देतील का, काळे पडदे झटकून ठेवतील का, आणि शेजारच्या मशीनला सुट्टी कधी असते. पहिल्या दोन्हींना दादा हो म्हणाले, मी निघताना विचारलं होतं. तिसऱ्याला म्हणाले, "रविवार." तेव्हा रविवार घ्या. मुलांना शाळाही नसते.

माझ्या मानधनाचं म्हणाल तर दीड हजार ठरलेत, रिक्षाचे पैसे तिथेच हातात मिळाले. बाकीचं या धंद्याच्या रीतीप्रमाणे नव्वद दिवसांनी. आजी मात्र नातवाच्या मुदत ठेवीची पावती हातात पडेपर्यंत कंपनीला रोज फोन करणार आहेत, तसं त्यांनी लिफ्टमध्ये सगळ्यांसमोर सांगितलंय. मी त्यांचा नंबर घेऊन ठेवलाय.